तीन ठोके बाहेरून, दोन आतून

९ फेब्रुवारी
शेडमधून, जेवणाच्या सुट्टीत

थोरले,

अक्षर बघूनच कागद बाजूला ठेवशील, म्हणून मुद्द्याचं पहिल्यांदा लिहितो. तुझ्या भावाचं धूड परत आलं. तो आला नाही.

आता रागाने का होईना, पुढचं वाच.

बारा दिवस धाकट्याचा काही पत्ता नव्हता. लष्कराच्या कागदावर 'बेपत्ता' लिहून झालं होतं. परवा सकाळी दहाला आम्ही चहा घेत होतो आणि कपातला चहा हलायला लागला. धुडांचे खांदे बसवणारा आपला खांदेवाला आठवतो ना, ज्याच्या डब्यावर तू डल्ला मारायचीस? तो कान देऊन म्हणाला, "हा तर आपला सातवा." कागदोपत्री त्याला यंत्रमानव म्हणतात, पण शेडमध्ये अजून धूडच म्हणतात सगळे. आठ मजली लोखंड, गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल, संथ चालत आलं आणि जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघांत दोन्ही पावलं नेमकी ठेवून उभं राहिलं. तो ठेवायचा तशी.

मी शिडी चढलो. छातीच्या झाकणाची कडी बाहेरून लावलेली, तिच्या तारेवर शिशाचं सील, सिलावर माझा ठसा. बारा दिवसांत कोणी हात लावलेला नव्हता. झाकण उघडलं. आत पट्टे नीट आवळलेले, बकलं लागलेली. पट्ट्यांच्या आत कोणी नाही.

सीटला हात लावून पाहिला. गरम होती. हे साहेबांना सांगितलं नाही, तुला सांगतोय.

आपली रीत विसरली नसशील, माझ्या हाताखालीच शिकलीस. झाकण उघडण्याआधी फिटरने पान्याने तीन ठोके द्यायचे: बाहेर आपला माणूस आहे. आतून दोन ठोके आले की चालक शुद्धीवर आहे असं समजायचं. काल झाडूवाल्या मावशींनी जाता जाता, सवयीनेच म्हण, दांड्याने त्याच्या घोट्यावर तीनदा ठोकलं. वर, छातीच्या आतून, दोनदा उत्तर आलं. मावशी झाडू टाकून थेट फाटकाबाहेर. अख्ख्या शेडने ऐकलं ते. मग जो तो ठोकून बघायला लागला.

हे पत्र होडीतल्या नर्सबाई आणतील. दर सोमवारी खाडीच्या दोन्ही काठांच्या, आमच्या आणि तुमच्या, जखमींची अदलाबदल होते, त्यात त्यांची ये-जा असते. उत्तर दे असं म्हणत नाही. जेवत जा वेळेवर.

बाबा


२१ फेब्रुवारी
शेड, दुपार

थोरले,

नर्सबाई म्हणाल्या, पत्र घेतलंस, न वाचता एप्रनच्या खिशात टाकलंस आणि परत पाण्याच्या टाक्यांवर कामाला गेलीस. खिशात टाकलंस, पाण्यात नाही. माझ्यासारख्याला तेवढंही पुष्कळ.

एक कबुली द्यायची आहे. परत आलेल्या धुडाची चालीची पट्टी पुसायची, हा नियम तुला तोंडपाठ आहे. पट्टीवर चालकाची चाल उमटत जाते, तो कसा झुकतो, कुठे थांबतो, कुठला पाय जड टाकतो; धूड हळूहळू त्याच्यासारखंच चालायला लागतं. नवा माणूस बसायचा तर जुनी चाल पुसून पट्टी कोरी करावी लागते, नाहीतर एकाच अंगात दोन माणसं. मी पट्टी बाहेर काढली, पुसायच्या यंत्रावर ठेवली, बटणावर बोट ठेवलं. आणि उचलून परत बसवली. वहीत 'पुसली' म्हणून सही केली. चाळीस वर्षांत खोटी सही ही पहिलीच.

काय करू सांग. तो सहा वर्षांचा असताना जिन्यावरून पडला, डावा घोटा मोडला, त्यानंतर डावं पाऊल टाकण्याआधी तो पापणी लवेल इतकं थांबायचा. पायरी आली की आधी टाच दोनदा आपटून बघायचा. तू त्याला 'ठकठक्या' म्हणून चिडवायचीस. ती चाल आता जगात एवढ्या एकाच जागी आहे, बोटभर रुंद पट्टीवर. ती मी कशी पुसू?

नवी चालक आली आहे. एकोणीस वर्षांची, आवाज बारीक, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. पहिल्या दिवशी खाली उतरली ती स्वतःच्या पायांकडे बघतच. मी विचारलं, कुठे काही लागतं का, पट्टा काचतो का. म्हणाली, "काका, मी पाय दाबायच्या आधीच पेडल खाली जातं." मी म्हटलं, तेल जास्त झालं असेल, बघतो. तिला ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. उजवा फास करून डाव्याखालून दोनदा गुंडाळला. ती गाठ मी धाकट्याला शिकवली होती, त्याचं बोट मोडलं होतं तेव्हा. दुसऱ्या कोणाला तशी बांधताना मी आजवर पाहिलं नाही.

आणखी एक. रोज संध्याकाळी आम्ही धूड रेघांत उभं करून जातो. रोज सकाळी त्याचा डावा पंजा खाडीकडे वळलेला असतो. खडूने खूण केली, क्रेनने सरळ केला, पाचर ठोकली. सकाळी पाचर शेजारी पडलेली, पंजा तुमच्या टाक्यांकडे. खांदेवाला म्हणतो, जमीन खचत असेल. म्हणताना माझ्याकडे बघत नाही.

बाबा


५ मार्च
घरून

थोरले,

हे पत्र कोणाच्या हाती लागलं तर मला भिंतीशी उभं करून गोळी घालतील. तेव्हा वाचलंस की फाड.

बावीस तारखेला सकाळी आपल्या शेडची सातही धुडं खाडीत उतरणार आहेत. पाण्याच्या टाक्या पाडायच्या, म्हणजे तुमचं गाव तीन दिवसांत गुडघे टेकेल, असा हिशेब वरून आला आहे. साहेबांनी नकाशा पसरला तेव्हा टाक्यांवर लाल पेन्सिलीची फुली होती. मी गुडघ्यांची तेलं लिहून घ्यायला उभा होतो. सातवं धूड सगळ्यांत पुढे.

तिथून निघ. कुठेही जा, वरच्या गावांत जा. माझ्याकडे ये म्हणत नाही, ते तोंड मला नाही. पण निघ.

बाबा


१३ मार्च
शेड, सकाळ

थोरले,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांत पहिली. 'या टाक्यांवर अख्खं गाव पाणी पितं. मी हलणार नाही.' खाली सही नाही, बाबा नाही, काही नाही. तरी दहादा वाचली. ठणठणीत अक्षर आहे, तुझ्या आईसारखं, कागदाला भोकं पाडणारं.

तुला काही होईल या धास्तीने मी आत्ताच अर्धा झालो आहे, ते असो. इथे दुसरंच उभं राहिलं. पंजा वळतो हे साहेबांच्या कानावर गेलं. त्यांना वहीतली सही खरी वाटेना. परवा म्हणाले, उद्या माझ्या डोळ्यांदेखत पट्टी पुसायची.

मी त्या दिवशी चिमणीला चहाला बसवलं आणि सगळं सांगितलं. पट्टी कोणाची, मी काय केलं, का केलं. म्हटलं, पोरी, तुझा जीव त्या पेटीत असतो, तुला भीती वाटत असेल तर मी स्वतःच्या हाताने पुसतो, तोंडातून शब्द काढणार नाही. तिने कप दोन्ही हातांत धरून ठेवला बराच वेळ.

"राहू दे, काका," म्हणाली. "आत एकटीला जास्त भीती वाटायची."

मग मी म्हाताऱ्याने काय केलं ते ऐक, तुला हसू येईल, म्हणजे पूर्वी आलं असतं. अडगळीतली एक जुनी पट्टी खोबणीत बसवली. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर ती ऐटीत काढली, पुसली, कोरी करून परत लावली. साहेबांनी भिंग लावून बघितलं, वहीत सही केली. धाकट्याची पट्टी त्या वेळी डाव्या गुडघ्यात होती, तेलाच्या झाकणाखाली, दोन तारांनी जोडलेली. गुडघा माझा. तिथे साहेब काय, साहेबांचा साहेब हात घालत नाही.

पाठ वळवताना साहेबांनी सहज म्हणून घोट्यावर तीन ठोके दिले. वरून दोन आले. साहेबांनी वर पाहिलं. मग रुमालाने मान पुसली आणि मला म्हणाले, पाइपात हवा अडकली असेल, काढून टाका. मी म्हटलं, हो साहेब.

पण थोरले, मला धड कळत नाही मी हे कोणासाठी केलं. त्याची चाल असेल तर तो टाक्यांवर पाऊल टाकणार नाही, असं मन म्हणतं. पण मन काय, स्वतःच्या सोयीचं बोलतं. बावीसपर्यंत जीव टांगणीला.

बाबा


२३ मार्च
घरून, सकाळी

थोरले,

तू टाकीवरून पाहिलंस, मी शेडच्या छपरावरून. तरी माझ्या बाजूने लिहितो, कारण एक गोष्ट तिकडून दिसली नसेल.

सात उतरली. पाणी मांडीपर्यंत. सातवा पुढे, बाकीचे सहा मागे तिरप्या रांगेत. दुर्बीण माझ्याकडे होती, पण मला ती लागली नाही, गुडघे मी आवाजावरून ओळखतो. उजवा, डावा, उजवा, डावा. प्रत्येक डाव्याआधी तो पापणी लवेल इतका थांबा. चिमणी आत होती, कडी मी लावली होती.

खाडीच्या बरोबर मध्ये, जिथे पूर्वी पुलाचा मोठा खांब होता, तिथे डावा पाय उचलला गेला आणि खाली आलाच नाही. मी मोजत होतो. वीसपर्यंत मोजलं. मग टाच खाली आली, पाण्यावर आपटली, पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. दोनदा. पायरी बघितल्यासारखी. आणि धूड गुडघ्यावर बसलं. सावकाश, कोणी थकून बसतं तसं. लाट आमच्या फाटकापर्यंत आली.

आता तुला न दिसलेली गोष्ट. मागचे सहा थांबले. साहेब फोनवर ओरडत होते, पुढे व्हा, वळसा घाला. आणि खांदेवाल्याचं तिसरं धूड एकदम खांदा उडवून मान कलती करून उभं राहिलं. त्याचा भाऊ, त्या धुडाचा जुना चालक, असा उभा राहायचा, वादात हरला की. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. मग ते बसलं. मग पाचवं, मग दुसरं. एकामागून एक सगळी बसली, प्रत्येक आपापल्या तऱ्हेने. एकाने बसण्याआधी हात कुल्ल्यांना पुसले.

साहेबांनी आम्हा सातही फिटरांना रांगेत उभं केलं. कोणी कोणी पुसली नाही पट्टी, असं विचारलं. कोणी वर बघेना. माझ्या शेजारी खांदेवाला उभा होता, डोळ्यांतून पाणी. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पलीकडच्याकडे, पलीकडच्याने त्याच्या पलीकडे. सात जण रोज एकाच बाकावर जेवलो, थोरले, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे पाप आपल्या एकट्याचं.

तुमच्या काठावरून तीन धुडं तोफा रोखून आली होती. तीही पाण्याच्या कडेला बसली. त्यांच्या पट्ट्या कोणाच्या हाताखालून जातात ते मी विचारत नाही.

चिमणी सुखरूप आहे. होडीवाल्यांनी कडी काढून तिला बाहेर घेतलं. सगळे विचारतात, काय झालं आत. म्हणते, मी पेडल दाबत होते, कोणीतरी माझ्या पायावर पाय ठेवला. दुखेल इतका नाही. थांब म्हणतात तेवढा.

बाबा


३० मार्च
घरून

थोरले,

आठ दिवस तोफ वाजली नाही. धुडं कोणाच्यानेच उठेनात. नवे चालक नेले, ते आत जाऊन पाच मिनिटांत पांढरे होऊन बाहेर. दोन्हीकडचे मोठे लोक आता एका तंबूत बसतात म्हणे. त्यांचं पहिलं ठरलं ते हे: सातव्यामुळे हे सुरू झालं, तर सातव्याची पट्टी दोन्ही बाजूंच्या डोळ्यांदेखत पुसायची. तोवर झाकण बंद, कडीवर दोघांचं सील. पाच एप्रिलला सकाळी मध्ये जायचं, एक फिटर इकडचा, एक तिकडचा. इकडचा मी. तिकडून टाक्यांवरची बाई येणार, असं नर्सबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

भेटण्याआधी तुला दोन गोष्टी लिहायच्या आहेत. तोंडाने जमणार नाही.

तुला मी सांगितलं होतं की त्याने हौसेने चालकाच्या यादीत नाव दिलं. त्याने दिलं नाही. मी दिलं. त्याला खंदकात पाठवणार होते. मला वाटलं, लोखंड माझ्या हातचं आहे, त्यात तो जपला जाईल. तू म्हणालीस, तुम्ही त्याला पेटीत चिणताय. आणि पूल ओलांडून गेलीस, आठवड्याने पूल पडला. तू बरोबर होतीस हे लिहायला मला चार वर्षं लागली.

दुसरी गोष्ट कडीची. झाकणाला बाहेरून कडी पूर्वी नव्हती. एक चालक घाबरून चालत्या धुडातून उडी मारून गेला, त्यानंतर ती मी सुचवली. माझ्या डोक्यातली, माझ्या हातची. आतून निघत नाही. त्या शेवटच्या दिवशी धाकटा शिडीवर थांबला, घोटा चोळत. म्हणाला, बाबा, आज कडी लावू नका. मी हसलो. म्हटलं, वेडा आहेस का, तुझ्याच जिवासाठी आहे ती. बाम लावून दिला घोट्याला, आत बसवला आणि कडी लावली. आवाज अजून कानात आहे.

तो बाहेर कसा गेला, का गेलाच नाही, मला ठाऊक नाही. सीट गरम असते एवढं ठाऊक आहे.

आणि जे मी पहिल्या पत्रापासून लपवलं ते असं. ठोक्यांना दोनचं उत्तर सगळ्यांना मिळतं. मावशींना, चिमणीला, खांदेवाल्याला, साहेबांना सुद्धा. मी रोज ठोकतो. कोणी नसताना, सगळे जेवायला गेले की. पान्याने, मुठीने, हळू, जोरात. मला एकदाही उत्तर आलेलं नाही.

पाच तारखेला तू ठोक. तुला देईल तो. मी बाजूला उभा राहीन, मला नुसतं ऐकू आलं तरी पुरे.

बाबा


७ एप्रिल
घरून

थोरले,

काल सकाळपासून दोन्ही काठांवर एकच चर्चा आहे. खाडीत नऊ धुडं गुडघ्यावर बसलेली आहेत आणि सातव्याच्या जागी पाणी. रात्रीत कोणी काही ऐकलं नाही. नर्सबाई सांगतात, तुमच्याकडे आमच्यावर संशय आहे, आमच्याकडे तुमच्यावर. ओहोटीला समुद्राकडच्या चिखलात पावलं दिसली, पाण्यापर्यंत गेलेली. खांदेवाला बघून आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डावं पाऊल उथळ आहे, मास्तर." इतकंच.

परवा तू होडीत बसल्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र.

तू होतीस तोवरचं तू पाहिलंसच. खोबणीतली पट्टी काढली तर ती आधीच कोरी (तारा तर गुडघ्याकडे गेलेल्या), तुमचे साहेब आमच्या साहेबांकडे बघतात, आमचे तुमच्यांकडे, आणि शेवटी दोघांनी 'पट्टी कोरी आढळली' म्हणून कागदावर सह्या करून टाकल्या. तू वाकून ओहोटीत उघड्या पडलेल्या डाव्या गुडघ्याच्या तेलाच्या झाकणावर तळवा ठेवलास. तिथला नवा बोल्ट तुला दिसला. माझ्याकडे पाहिलं नाहीस, पण तळवाही लवकर उचलला नाहीस. केस पिकलेत तुझे कानाजवळ. माझ्या मनात तू अजून बावीसचीच होतीस.

मग झाकण लावायची वेळ आली आणि माझा हात सवयीने कडीकडे गेला. तेव्हा तू बोललीस. चार वर्षांनी.

"बाबा, आधी ती कडी काढा."

सगळ्यांना वाटलं, काही कामाचं असेल. मी पाना लावला. चार बोल्ट, दोन गंजलेले, चौथा निघेना तर तू आपला पाना त्यावर लावून माझ्यासोबत जोर दिलास. कडी सुटली. मी ती पाण्यात टाकली. तू ठोकलं नाहीस. मी वाट पाहत होतो, पण तू शिडी उतरून गेलीस, आणि मला वाटलं, झालं, एवढंच होतं माझ्या नशिबात.

साहेब लोक खाली होडीत कागद गुंडाळत होते. तुझी होडी निघाली होती. मी वर एकटा, हत्यारं गोळा करत. झाकण नुसतं टेकलेलं, कडीच्या जागी चार भोकं. पाना पिशवीत टाकला आणि उतरायला पाय खाली ठेवला.

आतून ठोके आले. दोन नाहीत. तीन.

तीन बाहेरच्याने द्यायचे असतात. बाहेर आपला माणूस आहे, घाबरू नकोस, म्हणून. मी चाळीस वर्षं दिले, कधी घेतले नव्हते. मी तिथे उघड्या हवेत, डोक्यावर एवढं आभाळ, उभा राहिलो. आणि मला कळलं की इतके दिवस तो उत्तर देत नव्हता, कारण आत खरं कोण अडकलं आहे, तो की मी, ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

पिशवीतून पाना काढायला वेळ नव्हता. बोटांनीच दिले. दोन.

बाबा